दोनदा दाबले की लागतो

आमच्या दारात एक मोटार उभी असते. मोटार म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे जे काही येईल, त्याच्याशी आमच्या वाहनाचे नाते पणजीचे पणतीशी असावे एवढेच. ती 1955 सालची मॉरिस मायनर आहे. माझ्या आईचे मामा डॉक्टर होते. वाईच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ते हिच्यातून रात्रीअपरात्री जात, आणि त्यांनी केलेल्या बाळंतपणांपैकी निदान एक तरी हिच्या मागच्या बाकावरच उरकले, अशी आमच्या घरात आख्यायिका आहे. मामाआजोबांना मूलबाळ नव्हते. फिरत फिरत गाडी माझ्याकडे आली. किल्ली हातात देताना आजी म्हणाल्या होत्या, "हिला विकू नकोस, आणि हिच्यावर विसंबूही नकोस." यांपैकी पहिली आज्ञा मी आजवर पाळली आहे.

काटेकोर माणसे हिला 'व्हिन्टेज' म्हणू देत नाहीत. इंग्लंडातल्या शौकिनांच्या मते 1930 नंतर जन्मलेल्या मोटारीला तो मान नाही. आपल्या सरकारचे मन त्यामानाने मोठे. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेली आणि मूळ रूप फारसे न बदललेली गाडी व्हिन्टेज ठरते. मी स्वतः चाळिशीतला, दहावीपलीकडे न शिकलेला, शाळेत चित्रकला शिकवणारा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मनुष्य आहे. व्याख्यांच्या भांडणात मी पडत नाही. शिवाय मोटार हे या लेखाचे केवळ निमित्त आहे. मला सांगायचे आहे ते माझ्या उजव्या पायाविषयी.

2024 सालच्या श्रावणातली गोष्ट. एका सकाळी कृष्णेच्या पुलाकडे वळताना एक म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला. पेडल नेहमीच्या जागी थांबले नाही. ते खाली गेले, नको तितके खाली गेले. घाबरून मी पाय उचलला आणि पुन्हा दाबला. या वेळी ते वरच्या वर अडले आणि गाडी थांबली. म्हशीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती आपल्या वाटेने निघून गेली.

त्या दिवशी मी काय केले? काहीही केले नाही. दुसऱ्या दिवशीही केले नाही. आठ दिवसांत पायाला सवय झाली: पहिला दाब हलका, दुसरा जोराचा. पुढे पुढे तर त्यातले कसब मला आवडू लागले. शेजारी कोणी बसले की मी मोठ्या कौतुकाने सांगत असे, "हिची एक खोड आहे. दोनदा दाबले की लागतो." खोड हा शब्द मोठा सोयीचा आहे. दोष म्हटला की दुरुस्ती आली, खर्च आला. खोड म्हटली की लाड आले. जुन्या वस्तू बाळगणारे आणि जुनी माणसे सांभाळणारे आम्ही सगळेच हा शब्द सढळ हाताने वापरतो.

येथे ब्रेकविषयी थोडे सांगणे भाग आहे. ज्यांना यंत्रांचा कंटाळा असेल त्यांनी चकलीचा एक तुकडा तोंडात टाकावा आणि माझ्याबरोबर चार पावले चालावे. बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला, तर तो दाब त्या द्रवात सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे पास्कल नावाच्या फ्रेंच माणसाने सतराव्या शतकात मांडले. आमच्या गाडीचा ब्रेक म्हणजे तेवढाच नियम आहे. पाय पेडल दाबतो. पेडल मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते. तिथले तेल नळ्यांतून चारी चाकांकडे दाबले जाते. चाकांतल्या लहान सिलिंडरांचे दट्टे लायनर लावलेल्या पट्ट्या ड्रमवर दाबतात. पुढच्या चाकांत दोनदोन आणि मागच्या चाकांत एकेक, असे सहा लहान सिलिंडर, लोखंडी नळ्या, आणि जिथे चाक हलते तिथे रबरी नळ्या. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो, त्याच्या एका धाग्यावर हे सारे ओवलेले.

पहिल्यापहिल्यांदा लोकांचा या तेलावर विश्वास बसत नव्हता. 1921 साली अमेरिकेत ड्यूसेनबर्ग गाडीला चारी चाकांवर असे ब्रेक बसवले गेले. पण फोर्डच्या गाड्यांना ते यायला 1939 साल उजाडले. तोवर तिथे सळया आणि तारा. मला त्या अविश्वासाची गंमत वाटते आणि आदरही वाटतो. सळई दिसते. ती गंजली, वाकली, तुटायला आली, तर डोळ्याला कळते. तेल नळीच्या आत असते, आणि ते आहे हे मानूनच आपण चालतो. त्यातून आमच्या गाडीत तेलाचा मार्ग एकच. कुठल्याही एका चाकाशी गळती झाली तर चारी चाकांचा ब्रेक जाऊ शकतो. पुढे दोन स्वतंत्र मार्ग असलेले सिलिंडर निघाले, आणि 1968 पासून अमेरिकेत नव्या मोटारींना अशी दुहेरी सोय सक्तीची झाली. आमची गाडी त्याआधीची. तिला एकच मार्ग आणि एकच पाय.

आणि तरीही ते तेल अगदीच मुके नसते. ते पेडलमधून बोलते. पहिल्या दाबाला पेडल खोल गेले आणि दुसऱ्याला वर आले, तर लायनर झिजून पट्ट्या ड्रमपासून लांब गेल्या आहेत, नाहीतर तेल कमी होऊन हवा शिरली आहे. पायाखाली स्पंजासारखे लागले, तर हवा नक्की. पेडल घट्ट लागले, पण पाय तसाच धरून ठेवल्यावर हळूहळू बुडू लागले, तर मास्टर सिलिंडरमधली रबरी वाटी झिजली आहे आणि तेल तिला चुकवून मागे पळते आहे. थंड असताना सगळे ठाकठीक, लांबच्या उतारावर पेडल एकदम नाहीसे, आणि तासाभराने पुन्हा हजर, तर तेल उकळले. हे शेवटचे मला फार विलक्षण वाटते. ब्रेकचे हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. जे सर्रास वापरले जाते ते तेल कोरे असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तीच मर्यादा 140 अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबून चाके तापली की असे तेल उकळते, त्याची वाफ होते. आणि तेल दाबले जात नाही, पण वाफ मात्र हवी तेवढी दाबली जाते. तुमचा पाय मग नुसती वाफ दाबत राहतो.

हे सगळे मला आज कळते असे नव्हे. यातले बरेच मला तेव्हाही ठाऊक होते, आणि या लेखाचे दुखणे तेच आहे. मामाआजोबांच्या गाडीची नाडी रोज माझ्या पायाखाली होती आणि मी तिला खोड म्हणत होतो.

आमच्या गाडीच्या मास्टर सिलिंडरची जागाही विचित्र. तो चालकाच्या पायांखाली, सांगाड्याच्या तुळईत बसवलेला. पायपुसणे उचलायचे, तळाच्या भोकावरचे झाकण काढायचे, बूच फिरवायचे आणि आत डोकवायचे. पाच मिनिटांचे काम. श्रावण गेला, गणपती आले आणि गेले, पितृपंधरवडा सरला, घटस्थापना झाली. ती पाच मिनिटे काही मला सापडली नाहीत.

दसऱ्याला मात्र मी गाडी धुतली. झेंडूचे तोरण बांधले, नारळ वाढवला, चारी चाकांखाली लिंबे ठेवली. पायपुसण्यावर गुडघा टेकून स्टिअरिंगला हळदकुंकू वाहिले. माझ्या गुडघ्याखाली काही बोटांवर ते बूच होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. मुलांनी पाचगणीचा हट्ट धरला. गाडीत मी, सौ., आमची दोन मुले आणि शेजारच्या ताईंचा मुलगा. ताई परिचारिका आहेत. नवरा अकाली गेला. हा एकुलता एक. त्यांचा सख्खा भाऊ फार लांब असतो, म्हणून गेली सहासात वर्षे त्या भाऊबीजेला मला ओवाळतात. त्या दिवशी त्यांना ड्यूटी होती. मुलाच्या खिशात रुमाल कोंबत त्या म्हणाल्या, "दादा, तुमच्याबरोबर असला की मला काळजी नसते."

चढताना काहीच झाले नाही. जुन्या गाड्या चढावर फक्त तापतात. त्यांची परीक्षा उतारावर असते. टेबललँडवर मुले घोड्यावर बसली, भजी झाली, आणि चार वाजता आम्ही पसरणी घाट उतरू लागलो. बारा-तेरा किलोमीटरचा तो उतार. मी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवली आणि ब्रेकवर भिस्त ठेवून गप्पा मारीत निघालो. दुसऱ्यात टाकून इंजिनाला गाडी धरू द्यायला हवी होती, हे आज लिहिताना हातावर छडी मारून घ्यावीशी वाटते. पहिल्या काही वळणांवर ब्रेक दोनदा दाबून लागला. मग तीनदा. मग एका वळणाआधी मी दाबला आणि पेडल तळाला टेकले. पुन्हा दाबला, तळाला. तिसऱ्यांदा, तळाला.

माणूस अशा वेळी फार विचार करतो असे कादंबऱ्यांत लिहितात. मीही लिहिले आहे. प्रत्यक्षात विचार असा काही नसतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कशी गेली ते मला आठवत नाही. गिअरचे ओरडणे आठवते. हातब्रेक ओढल्याचे आठवते; तो तारांनी मागच्या चाकांना लागतो, तेलाशी त्याचा संबंध नाही. उजव्या मागच्या चाकाने दाद दिली, डाव्याने दिली नाही. का, ते नंतर कळले. गाडी वाकडी झाली. डाव्या हाताला डोंगर होता आणि त्याच्या पायथ्याशी पावसाच्या पाण्याचा चर. मी डावी चाके त्या चरात घातली. पत्रा खडकाला घासत गेला, आणि सत्तर वर्षांची ती म्हातारी कण्हत थांबली. पलीकडून एस.टी. वर चढत होती. ती आमच्या शेजारून गेली. मागच्या बाकावरून ताईंच्या मुलाने विचारले, "काका, पुन्हा करणार?"

डाव्या हाताला डोंगर होता. हे वाक्य मी मुद्दाम पुन्हा लिहितो. दोनशे पावले आधी ब्रेक गेला असता, तर डाव्या हाताला दरी होती.

तासाभराने मी पेडल दाबून पाहिले. ते वर आले होते. जणू काही झालेच नव्हते. पुढच्या वळणावर थांबलेल्या एका ट्रकवाल्याने आम्हाला दोराने धरून, आपला ट्रक पुढे ठेवून खाली आणले. आणि मग सुरू झाला माझा उत्कर्षकाळ.

प्रथम सौ.नेच सगळ्यांना सांगितले, "ह्यांनी प्रसंगावधान राखलं म्हणून." ताई ड्यूटीवरून धावत आल्या. मुलाला पोटाशी धरले, मग आत जाऊन मीठमोहऱ्या घेऊन आल्या आणि त्यांनी मुलाची दृष्ट काढली. आणि मी नको नको म्हणत असताना माझीही काढली. मोहऱ्या निखाऱ्यावर तडतडल्या. "बघा किती लागली होती," त्या म्हणाल्या. बुधवारी कोजागिरी. वाचनालयाच्या गच्चीवर मंडळी जमली होती, दूध आटत होते, आणि कोणीतरी म्हणाले, "सर, ती घाटातली हकिगत होऊन जाऊ द्या." मी सांगितली. चांगली सांगितली. गिअरचा आवाज तोंडाने काढला, एस.टी. प्रत्यक्षात होती त्यापेक्षा जवळ आणली, मुलाचा प्रश्न अगदी शेवटी ठेवला. हशा आणि टाळ्या. काय वगळावे हे कादंबरीकाराला शिकवावे लागत नाही. मी श्रावणातली म्हैस वगळली.

गाडी मिस्त्रींकडे गेली ती त्यानंतर. त्यांचे वय गाडीएवढेच असावे. मामाआजोबांच्या हाताखालून गाडी त्यांच्याकडे आलेली. त्यांनी काही विचारले नाही. सीटवर बसले, पेडल दाबले आणि पाय तसाच ठेवून मनाशी आकडे मोजू लागले. वीसबाविसाला पेडल हळूच बुडाले. "वाटी गेली," ते म्हणाले. पायपुसणे उचलून बूच काढले. टाकीत तेल तळाला होते, काढ्यासारखे काळपट. मग जॅक लावून मागचे डावे चाक काढले, ड्रम ठोकून बाहेर ओढला. आत सगळे ओले. लायनरची धूळ आणि तेल मिळून काळा चिखल झालेला. हातब्रेकला त्या चाकाने दाद का दिली नव्हती ते उघड झाले. ती धूळ फुंकू नये, जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असते, म्हणून मिस्त्रींनी ओल्या फडक्याने चिखल पुसला आणि मला जवळ बोलावले.

"सर, हितं बघा." सिलिंडरखालच्या पत्र्यावर एक ओघळ होता. ब्रेकचे तेल रंग खाते. ओघळाच्या वाटेने रंग उडाला होता, आणि उघड्या पत्र्यावर तांबूस गंज चढला होता. त्यावर पुन्हा तेल, त्यावर पुन्हा धूळ, असे पापुद्रे. मिस्त्रींनी नखाने एक पापुद्रा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "ह्ये घाटातलं न्हाय. गंज एका दिसात चढत न्हाय." मी काहीच बोललो नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "कवापासून दोनदा दाबत होता?"

कोजागिरीच्या गच्चीवर पन्नास माणसे होती. हा प्रश्न त्यांतल्या एकालाही सुचला नव्हता.

दुरुस्तीला आठ दिवस लागले. मास्टर सिलिंडर काढणे हीच एक यातना. त्याचे लांब बोल्ट बाहेर ओढू लागले की पुढच्या चाकाच्या स्प्रिंगचे काम करणारी लोखंडी कांब आडवी येते. ती सरकवल्यावाचून सुटका नाही. ॲलेक इसिगोनिस या मोठ्या अभियंत्याने ही गाडी आखली. 1948 साली ती लोकांपुढे आली आणि पुढे सोळा लाखांवर विकली गेली. त्या थोर माणसाविषयी मिस्त्री त्या आठवड्यात जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही. रबरी वाट्या नव्या आल्या, मागचा डावा सिलिंडर नवा आला, लायनर बदलले. वरून तुकतुकीत दिसणाऱ्या रबरी नळ्या मिस्त्रींनी कापून दाखवल्या. आतून त्या सुजल्या होत्या. मग हवा काढण्याचे काम. ते सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करतात, म्हणजे मागच्या डाव्या. त्यांचा पोऱ्या चाकाशी बाटलीत नळी बुडवून बसला, मी पेडलवर. "दाबा. धरा. सोडा." दाबले की नळीतून बुडबुडे येत. "दाबा. धरा." धरण्याच्या त्या क्षणात माझ्या पायाला दुसरे काही काम नसे, आणि डोक्याला नको इतके असे.

आमच्या पत्त्यांच्या अड्ड्यात तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. मी त्यांना सगळे सांगितले. दुसऱ्याच कोणाची गोष्ट म्हणून सांगितले, पण ते फसले नाहीत. त्यांनी क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाचा 1877 सालचा दाखला दिला. एक जहाजमालक असतो. जहाज जुने, अनेकदा डागडुजी झालेले. त्याच्या मनात शंका येतात, आणि तो त्या एकेक करून घालवतो: इतक्या सफरी झाल्या, हीही होईल, एवढी गोरगरीब कुटुंबे निघाली आहेत, परमेश्वर काय त्यांना बुडवील? शेवटी त्याचा खरोखरच विश्वास बसतो. जहाज बुडते, तो विम्याचे पैसे घेतो. तो दोषी आहे, हे कोणीही म्हणेल. पण क्लिफर्ड पुढे जातो. जहाज सुखरूप पोहोचले असते तर? तरीही तो तितकाच दोषी, तसूभरही कमी नाही. कारण प्रश्न काय घडले हा नाही. तो विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकार होता का, हा आहे.

मी म्हटले, "पण तो किनाऱ्यावर राहिला. मी माझी स्वतःची मुले घेऊन गाडीत होतो." या युक्तिवादावर मी चार दिवस जगलो होतो. प्राध्यापकांनी पान टाकले आणि म्हणाले, "म्हणजे तुमची फसवणूक त्याच्यापेक्षा चांगली वठली होती."

मग त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. 1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी एकाच विषयावर लिहिले: नशिबाचा आणि नीतीचा संबंध. नेगलच्या लेखात एक वाहनचालक आहे, ज्याने ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. रस्त्यात मूल आले आणि दगावले, तर तो जन्मभर स्वतःला क्षमा करणार नाही. मूल आलेच नाही, तर त्याच निष्काळजीपणाबद्दल त्याला फारसे काही वाटणारही नाही. हातून घडलेला गाफीलपणा दोघांचा एकच. मूल यावे की न यावे हे काही त्याच्या हातात नव्हते. तरी जग दोघांना एका पंक्तीला बसवत नाही.

हे ऐकून मला रात्री झोप आली नाही. क्लिफर्डचे म्हणणे मला बुद्धीने पटते. पण तसूभरही फरक नाही, हे मात्र माझ्याच्याने म्हणवत नाही. दरीच्या बाजूला गाडी गेली असती, तर मी आज ताईंच्या दाराकडे पाहू शकलो नसतो; डोंगराच्या बाजूला गेली म्हणून मी त्यांच्याकडून दृष्ट काढून घेतली. या दोन माणसांत काहीच फरक नाही असे कसे म्हणू? आणि फरक आहे म्हणावे, तर तो फरक माझ्या कमाईचा नाही. तो घाट खोदणाऱ्यांनी रस्ता कोणत्या अंगाने नेला, त्यावर ठरला. मी कोजागिरीला ज्याच्या टाळ्या घेतल्या, ते डोंगराचे पुण्य होते.

सौ.ला मी सांगितले, ताईंना खरे सांगावे म्हणतो. तिला 'दोनदा दाबण्या'ची खोड ठाऊक होती. तिला तिचा अर्थ ठाऊक नव्हता. तो कळल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सांगून तुमचं ओझं उतरेल. तिचं वाढेल. रात्रपाळीला जाताना ती रोज दरी बघेल. त्यापेक्षा ब्रेक नीट ठेवा आणि गप्प बसा." हा मुद्दा हलका नाही. कबुलीजबाबांत पुष्कळदा बोलणाऱ्याचाच स्वार्थ असतो, हे मी माझ्या कादंबऱ्यांतल्या पात्रांना सुनावले आहे. मला उत्तर सुचले नाही, म्हणून दिवाळीचा पहिला दिवस, दुसरा दिवस मी गप्पच राहिलो.

पाडव्याच्या सकाळी ताई फराळाचे ताट घेऊन आल्या. जाताना सहज म्हणाल्या, "दादा, डिसेंबरात मला आठ दिवस ट्रेनिंगला जायचंय. ह्याला तुमच्याकडेच ठेवते. तुम्ही मुलांना घेऊन कुठे जाल तिथे न्या. माझी परवानगी विचारू नका."

तेव्हा मला कळले की सौ.चा मुद्दा झालेल्या गोष्टीपुरता होता. ताईंचा माझ्यावरचा विश्वास मात्र चालू नाणे होता. त्या तो पुढेही खर्चणार होत्या, आपला एकुलता एक मुलगा त्याच्या भरवशावर देणार होत्या, आणि नाणे खोटे आहे हे मला ठाऊक होते, त्यांना नव्हते. हे उत्तर पूर्ण आहे असे मी म्हणत नाही. पण त्या दिवशी ते मला पुरले.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. दारात पणत्या होत्या. मुलगा अंगणात भुईनळे लावीत होता. मी गोष्ट सांगितली. या वेळी म्हशीपासून सांगितली, आणि वाईट सांगितली. कुठे थांबावे ते कळेना. तळहातावरच्या पापुद्र्याचेही सांगितले.

त्यांनी विचारले, "किती दिवसांपासून?"

"श्रावणापासून."

"आणि तुम्हाला कळत होतं."

"हो."

त्या बराच वेळ बाहेर मुलाकडे पाहत राहिल्या. मग, जणू वॉर्डातल्याच कुणाशी बोलत असाव्यात तशा आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडे औषधाची चूक झाली तर रिपोर्ट लिहावा लागतो. पेशंटला काही झालं नाही तरी लिहावा लागतो." एवढेच. मी उठलो. त्यांनी नेहमीसारखे 'बसा' म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. त्या येतील असे मला वाटले नव्हते. अकराच्या सुमारास तबक घेऊन आल्या, मला पाटावर बसवले, ओवाळले. अक्षता टाकताना दरवर्षी त्या माझ्या टकलाची काहीतरी थट्टा करतात; तेवढी राहिली. मुलाला डिसेंबरात त्यांनी मावशीकडे ठेवले.

कोजागिरीच्या मंडळींना मी अजून काही सांगितलेले नाही. त्यांच्यापैकी बहुतेकजण हा अंक घेतात.

गाडी आता उत्तम चालते. रोज सकाळी मी सीटवर बसतो, पेडल दाबतो आणि पाय तसाच ठेवून तीसपर्यंत मोजतो. महिन्याला पायपुसणे उचलतो. दसऱ्याची वाट न पाहता ब्रेकचे तेल बदलून घेतले आहे. ते मधासारखे स्वच्छ दिसते. हे लिहितो आहे तो पुन्हा श्रावण आहे, 2025 चा. परवा मी असाच मोजत बसलो होतो, तर ताईंचा मुलगा फाटकाशी येऊन उभा राहिला. वर्षभरात तो हातभर वाढला आहे. त्याने विचारले, "काका, काय मोजताय?" मी म्हटले, "ब्रेक." तो थोडा वेळ बोनेटवर बोट ओढत उभा राहिला. मग म्हणाला, "मी बसू? फक्त पुलापर्यंत."

मी म्हटले, "आईला विचार."

तो गेला. मी तीसपर्यंत मोजून झाले होते. पाय पेडलवरच ठेवून पुन्हा एकपासून सुरुवात केली.